ओझोनचा ताळा पाहणारे आरोसा

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतात सुमारे १,८०० मीटर उंचीवर वसलेले आरोसा आज बर्फावरच्या खेळांसाठी ओळखले जाते. शंभर वर्षांपूर्वी ते क्षयरोग्यांचे गाव होते. ऊन आणि कोरडी हवा हाच तिथला उपचार, त्यामुळे त्या उन्हाची मोजदाद करणे ओघानेच आले. १९२१ मध्ये पॉल गोट्झ यांनी इथे वेधशाळा उभारली आणि १९२६ पासून वातावरणातील एकूण ओझोनच्या नोंदी सुरू झाल्या. जगातली ही सर्वांत दीर्घ नोंदमाला. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांच्या नावाने ओळखले जाणारे, इथे वापरले गेलेले उपकरण म्हणजे एक लांबट पेटी. ओझोन जास्त शोषतो आणि कमी शोषतो अशा दोन अतिनील तरंगलांबींची त्यात तुलना होते. काटा शून्यावर येईपर्यंत तबकडी फिरवायची आणि तिच्यावरच्या आकड्यावरून ओझोनचे प्रमाण काढायचे. ते ३०० डॉब्सन एकक आले, तर सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सिअसला आणल्यास अवघ्या तीन मिलिमीटर जाडीचा थर होईल.

उपग्रह रोज साऱ्या पृथ्वीचा नकाशा देत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारेल. याचे उत्तर १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ ने दिले आहे. पृथ्वीवरून परतणाऱ्या प्रकाशाची सूर्यप्रकाशाशी तुलना करण्यासाठी त्यावर एक विसरक पट्टी होती. अवकाशात ती हळूहळू काळवंडली आणि ओझोनची घट प्रत्यक्षाहून जास्त दिसू लागली. घट खरीच होती, पण आकडा फुगला होता. हे उघड झाले ते जमिनीवरच्या डॉब्सन केंद्रांच्या नोंदींशी ताळा करून पाहिल्यावर.

जमिनीवरचे उपकरणही चुकू शकते, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून तर अशी उपकरणे वेळोवेळी प्रमाण उपकरणांशी ताडून पाहतात आणि त्या साखळीच्या मुळाशी असलेल्या क्रमांक ८३ च्या डॉब्सनची पारख हवाईतील मौना लोआ पर्वतावर होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उपग्रहाच्या एका चौकटीत शिखरे आणि दऱ्या एकत्र येतात, तर आरोसाचे माप एकाच जागेचे असते. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, हे मान्य. पण डोंगर जागचा हलत नाही. उंचीमुळे पडणारा फरक वर्षानुवर्षे जवळपास तेवढाच राहतो. तो वाढत गेला, तर दोष कुठल्या तरी उपकरणात शोधावा लागतो. एकट्या आरोसाला निवाडा करता येणार नाही, मात्र अनेक केंद्रांवर एकाच दिशेने फरक वाढत असेल, तर संशयाची सुई उपग्रहाकडे वळते.

१९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन सावरतो आहे, पण संथपणे. उपग्रह मात्र काही वर्षांत निकामी होतात आणि त्यांच्या नोंदी एकमेकींना जोडाव्या लागतात. हे सांधे नीट जुळले नाहीत, तर ती संथ वाढ त्यांतच हरवेल. आरोसाची उपकरणे जवळच्या दावोसला हलवली, तेव्हा आधी काही वर्षे दोन्हीकडे समांतर मोजणी झाली, ती याच काळजीपोटी. नवा उपग्रह पैसे खर्चून सोडता येतो, खंडित झालेली नोंदमाला मात्र कितीही पैसा ओतला तरी मागे जाऊन भरता येत नाही. अशा केंद्रांवरच्या खर्चाचा हिशेब मांडताना हा फरक धरलाच पाहिजे.