पुणें–नगर मार्गावरील पहिली एस. टी. मोटार

ता. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) मार्गावर मुंबई सरकारच्या वाहतूक सेवेची पहिली मोटार सुटली. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु बखरीच्या कथनास आपण जी कसोटी लावतों, तीच या गाडीच्या कथेस लावणें अवश्य आहे. कारण जुन्या मोटारीचें जतन करावयाचें तें कथेवरून कीं पुराव्यावरून, हा येथें मुख्य प्रश्न आहे.

या मार्गांवर खासगी मोटारी १९२० नंतरच्या दशकांतच धांवूं लागल्या होत्या. भाडें व वेळ मालकाच्या मर्जीवर असे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें त्यास कांहींसा आळा बसला. पुढें मोरारजी देसाई गृहमंत्री असतां सरकारनें स्वतःच्या गाड्या सुरू केल्या.

पहिली गाडी बेडफर्ड बनावटीची, तीस आसनांची होती. बॉडी लाकडी, बैठकी काथ्याच्या. रंग निळा व टप रुपेरी. आज एस. टी. म्हणतांच लाल रंग डोळ्यांपुढें येतो. तथापि तो मागाहूनचा आहे. तेव्हां हौसेनें त्या काळची एखादी गाडी लाल रंगविणें म्हणजे जुन्या पोथींत क्षेपक घालण्यासारखेंच होय! बाजूवर महामंडळाचें नांव लिहिणेंही तसेंच, कारण महामंडळ मागाहूनचें.

भाड्यासंबंधीं दोन कथनें प्रचलित आहेत. एका कथनांत ‘नऊ पैसे’, तर दुसऱ्यांत अडीच रुपये. दशमान नाणीं ता. १ एप्रिल १९५७ पासून आलीं. १९४८ मध्यें रुपयाचे पैसे चौसष्ट व पै एकशेंब्याण्णव. नऊ पैसे म्हणजे सव्वादोन आणे. एवढ्यांत सुमारें पंचाहत्तर मैलांचा प्रवास संभवत नाहीं. हाच दर दर मैलाचा मानला तर भाडें साडेदहा रुपयांवर जातें. ‘पैसे’ हा ‘पै’चा अपपाठ धरला तर मात्र ३ रुपये ८ आणे ३ पै होतात. हा आंकडाही अडीच रुपयांशीं जुळत नाहीं. तरी पहिल्या दोहोंपेक्षां तो पुष्कळ जवळचा आहे, आणि पै-पैशाचा घोंटाळा झाला असावा असें आमचें मत आहे. त्या महिन्याचें एक अस्सल तिकीट या सर्व तर्कांहून अधिक मोलाचें ठरेल.

गाडीच्या जतनांत लांकूड हा कठीण भाग. वाळवी व पावसाचें पाणी सांध्यांतून शिरतें, आणि सुतार सगळी चौकट बदलून मोकळा होतो. तसें करूं नये. कुजला तेवढाच तुकडा काढावा, नव्या तुकड्यावर साल कोरावें, जुना तुकडा फेंकूं नये. रंगाचे थर बैठकीखालीं, बिजागरीमागें, जेथें रंगाऱ्याचा हात नीट पोंचत नाहीं तेथें तपासावे. चासीवरील क्रमांक ही गाडीची पुष्पिका. ती घासून चकचकीत करण्याच्या भरांत कित्येकदां अक्षरेंच जातात. फुटकळ वस्तूंकडेही लक्ष हवें. पुणें–महाबळेश्वर मार्गावर १९५० नंतर ‘नीलकमल’ व ‘गिरिआरोहिणी’ या मॉरिस कमर्शियल चासीवरील दोन आरामगाड्या होत्या. त्यांत पडदे, घड्याळ व हिरवट कांचा असत. अशा गाडीचें घड्याळ आधीं जातें, मग पडदे. कांच फुटली कीं पांढरी बसते, आणि गाडी आरामगाडी होती याची खूणच उरत नाहीं.

राहिले कागद. तिकिटें, वेळापत्रकें, दुरुस्तीच्या वह्या यांस रद्दी समजूं नये. मात्र असा कागद मिळाला कीं स्थळ, मार्ग व कोणाच्या घरांतून आला तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. नुसत्या ‘पारगाव’ या नांवानें भागत नाहीं. पारगाव जुन्नर तालुक्यांत आहे, आंबेगांवांत आहे, दौंडांतही आहे. जुन्नरकडील गांवास ‘तर्फ आळे’ ही जुन्या महसुली विभागाची ओळख अद्याप चिकटलेली आहे. कागदावर ती नसेल तर मागचा-पुढचा थांबा पाहावा. आळेफाटा आढळल्यास तो कागद बहुधा जुन्नरकडचा, मंचर आढळल्यास आंबेगांवचा.