गाडी तापविण्याची वहिवाट

घाटावरचा आणि घाटाखालचा असे बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग तेथील माणसाच्या बोलण्यात सदैव येतात, आणि हा भेद जितका भूगोलाचा तितकाच हवामानाचाही आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले बुलढाणा शहर, त्याच्या दक्षिणेचा चिखली-मेहकरकडील पठारी मुलूख, आणि राजूर घाट उतरून गेल्यावर लागणारे मोताळा, मलकापूर, नांदुरा हे पूर्णेच्या खोऱ्यातले सखल तालुके यांची हिवाळ्यातली पहाट सारखी नसते. पौषात घाटावर पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो; आणि अशा पहाटे गल्लीबोळांतून एक दृश्य हमखास दिसते. दारापुढे मोटार सुरू करून ठेवलेली असते, मागच्या नळीतून पांढरी वाफ निघत असते, धनी मात्र आत चहा घेत असतो आणि ‘गाडी जरा गरम होऊ द्या’ असे घरातल्यांना सांगत असतो. या वहिवाटीत तथ्य किती आणि केवळ परंपरा किती, याचा विचार इंधनाच्या, यंत्राच्या आणि माणसाच्या जिवाच्याही दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

एक काळ असा होता की ही वहिवाट सर्वस्वी रास्त होती. अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि पेट्रोलवर चालणारी जुनी जीप या गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बुरेटर नावाचे साधे, केवळ हवेच्या ओढीवर चालणारे उपकरण करीत असे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते थेंबाथेंबाने राहते आणि मिश्रण पेटण्याजोगे दाट होत नाही. म्हणून चालक चोक ओढून हवेचा मार्ग आकुंचित करीत असे, इंजिन धरले की चोक हळूहळू आत सारीत असे, आणि एवढे सोपस्कार होण्यापूर्वी गाडी हाकली तर ती गचके खाऊन पहिल्याच वळणावर बंद पडत असे. त्याही आधी, चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत येईपर्यंत, सर्वत्र हँडल मारूनच इंजिन फिरवावे लागे, आणि उलट्या झटक्याने मनगट मोडण्याचे प्रसंग विरळा नव्हते. खेड्यापाड्यांत ट्रॅक्टरची बॅटरी उतरली असेल तर सायंकाळीच तो उतारावर लावून ठेवण्याची दक्षता आजही घेतली जाते, कारण गारठ्यात बॅटरीची शक्ती घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते.

परंतु या शतकाच्या आरंभापासून आपल्या पेट्रोल गाड्यांतून कार्बुरेटर निघून गेला आणि त्याच्या जागी इंधन फवारणारी, संगणकाच्या ताब्यातील यंत्रणा आली. १ एप्रिल २०२० पासून तर भारत स्टेज सहाची कडक मानके देशभर लागू आहेत. इंजिनातल्या पाण्याचे उष्णमान आणि आत येणाऱ्या हवेचे प्रमाण यांची दखल घेऊन ही यंत्रणा क्षणाक्षणाला इंधनाची मात्रा ठरविते. जुना चालक चोक ओढून जे साधत असे ते ती स्वतः साधते. आता प्रश्न उरतो तो ऑइलचा. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असे जे आकडे असतात त्यांतला पहिला आकडा थंडीतला ओघ दाखवितो. तो जितका लहान, तितके ते ऑइल गारठ्यात लवकर वाहते. घाटावरच्या दहा अंशांच्या पहाटे यांपैकी कोणतेही ऑइल काही सेकंदांतच इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचते. ज्या गाडीत मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचार्जर असतो, तिच्या बेअरिंगला ऑइल नीट मिळावे म्हणून अर्धा मिनिट थांबणे शहाणपणाचे आहे; दहा मिनिटे थांबण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

उलट त्या दहा मिनिटांत नुकसानच होते. जागच्या जागी चालणारे इंजिन भार नसल्यामुळे अतिशय मंद गतीने तापते. आणि जोवर ते थंड आहे तोवर यंत्रणा मुद्दाम जास्त पेट्रोल सोडीत राहते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवर साचते, तेथला ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली उतरून ऑइलच पातळ करते. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक अडीचशे-तीनशे अंशांना पोहोचल्याखेरीज आपले काम नीट करीत नाही, म्हणून याच काळात गाडी सर्वांत जास्त विषारी वायू सोडते. नव्या डिझेल गाड्यांतील काजळी गाळणारी जाळीही अशा मंद चालण्याने तुंबू लागते. शिवाय गिअरमधले ऑइल, चाकांची बेअरिंगे आणि टायर ही सर्व गाडी चालल्यावाचून तापतच नाहीत. तालमीतला मल्ल जसा जागेवर बसून अंग मोकळे करीत नाही, हलक्या जोरांपासून आरंभ करतो, तसेच यंत्राचेही आहे.

येथे कोणी एसटीचा दाखला देईल. बुलढाणा, मेहकर किंवा खामगाव आगारात पहाटेच्या गाड्या सुटण्याआधी बराच वेळ सुरू असतात हे खरे. मात्र तेथला चालक समोरच्या एका लहानशा काट्याकडे लक्ष ठेवून असतो, आणि तो काटा उष्णतेचा नसून हवेचा असतो. बस-ट्रकांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. रात्रभरात टाक्यांतला दाब उतरतो, आणि तो पुन्हा भरेपर्यंत धोक्याची सूचना वाजत राहते. ‘हवा बनली’ की मगच गाडी हलवायची, हा नियम राजूर घाटाच्या वळणांवर प्रवाशांचे प्राण राखतो. त्या थांबण्यामागे ब्रेकची काळजी आहे. लहान मोटारीचे ब्रेक निराळ्या रीतीचे असल्यामुळे तिने त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

डिझेल गोठण्याची धास्तीही आपल्याकडे अनाठायी आहे. थंडीत डिझेलमधल्या मेणाचे स्फटिक होऊन फिल्टर बुजतो. परंतु आपल्या मानकांनुसार हिवाळ्यातले डिझेल ३ अंश सेल्सिअसपर्यंत वाहते राहिलेच पाहिजे. ही संकटे लडाखची. तेथे पूर्वी डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ निभावली जाई. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने पानिपतच्या कारखान्यात तयार झालेले, उणे ३३ अंशांतही न गोठणारे डिझेल त्या प्रदेशासाठी उपलब्ध केले.

कॅनडात किंवा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न रोजचा आहे. उणे वीस-तीस अंशांत तेथे इंजिन रात्रभर उबदार ठेवणारा विजेचा हीटर बसवितात; नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन याने १९४० च्या दशकात असे साधन सिद्ध केले, आणि आजही तेथल्या अनेक गाड्यांच्या तोंडाशी विजेची दोरी लोंबताना दिसते. काचेवर बर्फ गोठल्याने पुढचे दिसत नाही, म्हणून घरातूनच कळ दाबून गाडी सुरू करणारा रिमोट स्टार्टर तेथे निव्वळ चैनीची वस्तू राहिलेला नाही.

तोच स्टार्टर २०१९ च्या सुमारास ह्युंदाई व्हेन्यूसारख्या गाड्यांतून मोबाइलच्या द्वारे आपल्याकडे आला, आणि त्याचा खरा उपयोग घाटाखालच्या वैशाखात, उन्हात तापलेल्या गाडीत बसण्यापूर्वी एसी चालू करण्यापुरता आहे. तरीही दोन गोष्टी विसरता कामा नयेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ अन्वये, सार्वजनिक जागी उभ्या गाडीच्या आसनावर परवानाधारक चालक नसेल तर इंजिन बंद असून ब्रेक लावलेला असला पाहिजे. तेव्हा रस्त्यावर रिकामी गाडी दुरून सुरू करणे या तरतुदीच्या विरुद्ध जाते. आणि बंद शेडमध्ये किंवा घराखालच्या गॅरेजात इंजिन चालू ठेवणे हे तर मृत्यूला आमंत्रण. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि माणसाला डोके दुखण्यापलीकडे काही कळण्याच्या आतच शुद्ध हरपते. दार उघडे ठेवले म्हणजे भागले असे समजू नये; गाडी आधी बाहेर काढावी, मग बाकीचे.

म्हणून घाटावरच्या माणसाने हिवाळ्यात एवढेच करावे: काचेवरचे दव पुसावे, आसनावर बसून पट्टा बांधावा, मग किल्ली फिरवावी. डिझेल गाडी असेल तर हीटरचा पिवळा दिवा विझू द्यावा. अर्ध्या मिनिटाने निघावे, पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न करता सौम्यपणे चालवावे, आणि पाण्याचा काटा वर आल्याखेरीज इंजिनावर जोर देऊ नये. नळीतून निघणारी पांढरी वाफ थोड्या वेळात नाहीशी होते, तिला भिऊ नये. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याची आणि काळा धूर इंधन जास्त जात असल्याची खूण आहे, आणि ती दिसली तर गॅरेजवाल्याला दाखवावी. बॅटरी जुनी असेल तर दिवाळीनंतरच तपासून घ्यावी. वडीलधाऱ्यांनी गाडी तापविली ती त्यांच्या यंत्राला जाणून. आपणही आपल्या यंत्राला तितकेच जाणून वागावे, हेच त्यांचे खरे अनुकरण होय.