नवा धंदा आणि मधली वर्षं

२०२२च्या जानेवारीत ‘शार्क टँक इंडिया’च्या पहिल्या पर्वात मालेगाव तालुक्यातले कमलेश घुमरे आपली फवारणीची गाडी घेऊन मंचावर आले. पाठीवर १६ लिटरचा पंप बांधून दिवसभर पिकातून चालणं म्हणजे काय, हे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पट्टे खांद्यात रुततात, औषध पाठीवर झिरपतं, वारा फिरला की तोंडावर येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशाच फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. घुमरे यांनी हे ओझं वडिलांच्या पाठीवर पाहिलं होतं. त्यांनी ते चाकांवर आणलं. कार्यक्रमातले गुंतवणूकदार पीयूष बन्सल यांनी ४० टक्के भागीदारीसाठी १० लाख रुपये आणि वर २० लाखांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. ‘जुगाडू कमलेश’ देशभर ओळखले जाऊ लागले.

हा सौदा पडद्यावर काही मिनिटांत ठरला. त्यामागे सात वर्षांची खटपट होती. काम बदलू पाहणाऱ्या माणसाला खरी गरज असते ती या सात वर्षांच्या हिशेबाची. घर कशावर चाललं? पहिली गाडी फसली तेव्हा पुढच्या लोखंडाचे पैसे कुठून आले? घरच्यांचा धीर कुणी टिकवून ठेवला? कार्यक्रमात हे ओझरतं येतं आणि पुढे सरकतं, कारण त्याची सगळी रचनाच निकालाच्या क्षणाभोवती बांधलेली असते.

माणसाचा पेशा बदलून दाखवणाऱ्या कार्यक्रमांचं हे जुनं तंत्र आहे. ब्रिटनच्या ‘चॅनेल फोर’वर २००० साली ‘फेकिंग इट’ सुरू झाला. एखाद्याला त्याच्या कामापासून पार दूरच्या पेशात टाकायचं, चार आठवडे जाणकारांच्या हाताखाली शिकवायचं आणि शेवटी खऱ्या व्यावसायिकांच्या रांगेत उभं करायचं. यातला नवखा कोण, हे परीक्षकांनी ओळखायचं. बर्गरच्या गाडीवरचा माणूस त्यात मोठ्या हॉटेलचा शेफ म्हणून उभा राहिला. महिनाभर जीव तोडून शिकलं तर माणूस कुठवर पोहोचतो, हे या कार्यक्रमाने फार सुंदर दाखवलं. पण तो महिना उसना होता. शिकवणारे, राहण्याची सोय, वेळ, सगळं वाहिनीने जमवलेलं. एरवी माणसाला हे सगळं स्वतःच उभं करावं लागतं, तेही आधीचं काम सांभाळून.

दूरचित्रवाणीची दुसरी समजूत अशी, की संधी मिळाली म्हणजे माणूस जुनं काम सोडणारच. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत, महिन्याला १,५०० रुपयांवर. २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त त्यांनी एक कोटी रुपये जिंकले आणि खिचडीचं काम सुरूच ठेवणार असं सांगितलं. सटाण्याला याचं नवल वाटू नये. देव मामलेदार यशवंतराव महाराजांनी १८७०-७१च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला, तो सटाण्यात मामलेदाराच्या खुर्चीत बसूनच. त्याच कामाला नवा अर्थ देणं हाही बदल आहे, आणि त्याला मोठी छाती लागते.

पेशा बदलण्यावरचा असा कार्यक्रम बागलाणात, म्हणजे सटाणा तालुक्यात करायचा म्हटला, तर माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. या तालुक्याने डाळिंबावर बंगले बांधले आणि तेल्या रोगाने त्याच बागा उपटायला लावल्या. पानावर, फळावर तेलकट डाग पडतो, डाग वाढतो, फळ तडकतं. मर रोगाने उभी झाडं वाळली. मग कुणी कांद्याकडे वळलं, कुणी अर्ली द्राक्षांकडे. पीक बदललं, गाव तेच राहिलं, म्हणून याला कुणी पेशा बदलणं म्हणत नाही. प्रत्यक्षात शेतकऱ्याला सगळंच नव्याने शिकावं लागतं. डाळिंबवाल्याला बहार धरायची, ताण द्यायची सवय. द्राक्षात मांडव, छाटणी, डिपिंग, थिनिंग. मजूर वेगळे, व्यापारी वेगळे, जोखीमही वेगळी. अर्ली द्राक्षाला भाव मिळतो, कारण इतरांचा माल येण्याआधी ते बाजारात येतं. त्यासाठी छाटणी भर पावसाळ्यात करावी लागते आणि परतीचा पाऊस लांबला की घड कुजतात. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बागलाणने ते सोसलं आहे.

वेळेचा हिशेब तर कुठल्याच पर्वात मावणार नाही. उन्हाळ कांद्याची रोपं हिवाळ्यात लावली की मार्च-एप्रिलमध्ये काढणी होते. डाळिंबाचा पहिला बहार धरायला लागवडीनंतर साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. द्राक्षालाही मांडव उभारून वाट पाहावी लागते. तोवर बाग फक्त खाते. त्या दोन-तीन वर्षांत घर कांदा चालवतो, दूध चालवतं किंवा घरातल्या कुणाचा तरी पगार. ज्याच्या आधाराने एकाला धंदा बदलता येतो, तो दुसरा माणूस माझ्या लेखी या गोष्टीचा बरोबरीचा नायक आहे. बहुतेक घरांत ती बाई असते आणि कॅमेरा तिच्याकडे वळतो तो डोळ्यांत पाणी आल्यावर.

म्हणून मला हवा असलेला कार्यक्रम निदान तीन वर्षं चालावा. दर हंगामाला त्याच घरी जावं, जमाखर्चाची वही उघडावी, सोसायटीचं कर्ज किती फिटलं ते विचारावं. आयटीआय करून गावातच वर्कशॉप टाकणारा, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता पदवी घेणारी, शहरातली नोकरी सोडून शेतीत परतलेला, अशांना त्यात जागा असावी. ज्यांचा बेत फसला आणि जे जुन्या कामावर परतले, त्यांनाही तितक्याच सन्मानाने बोलवावं लागेल. कुठे थांबायचं, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

वाहिनीची वाट न पाहताही हे करता येईल. कृषी मेळाव्यात यशोगाथा सांगणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्या तीन वर्षांचे आकडे मांडायला सांगावं. शाळा-कॉलेजांनी करिअर मार्गदर्शनाला परीक्षेत पहिले आलेल्यांबरोबर चाळिशीत काम बदललेली माणसं बोलवावीत. पडद्यावरची धमक पाहून आपल्या मुलांना उमेद येते, ती यावीच. त्या उमेदीच्या हातात आपण एवढा हिशेब दिला, तर काम बदलायला निघालेल्या पोराला नशिबाच्या भरवशावर उडी घ्यावी लागणार नाही.