गाडी नेमकी कधी तापते?

मे महिन्यात भर दुपारी कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. मालक घाम पुसत उभा असतो आणि सल्ले देणारे आपणहून थांबलेले असतात. 'उन्हाळाच एवढा आहे, गाडी तरी काय करणार', 'एसी लावला असेल', 'थर्मोस्टॅट काढून टाका, पुन्हा तक्रार येणार नाही'. सल्ला देणाऱ्याच्या मनात मदतीचीच भावना असते. पण त्या सल्ल्यांपायी किरकोळ दुरुस्तीचं इंजिनकाम झालेलं अनेकांनी पाहिलं आहे, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

पहिला दोष उन्हाला दिला जातो. इंजिनात इंधन जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी पळवायला उपयोगी पडतो. साधारण तितकीच सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली कूलंटमार्फत रेडिएटरला हवेत सोडावी लागते. रेडिएटर किती उष्णता सोडू शकेल, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट 95 अंश सेल्सिअसवर आणि हवा 30 वर असेल, तर फरक 65 अंशांचा. चंद्रपुरात पारा 45 वर गेला की तोच फरक 50 उरतो. म्हणजे रेडिएटरची ताकद जवळपास पाव हिश्शाने घटली. मात्र ही घट धरूनच गाडीला रेडिएटर दिलेला असतो, नाहीतर विदर्भात मे महिन्यात गाड्या चालल्याच नसत्या. धडधाकट गाडी 45 अंशांतही तापत नाही. तुमची तापत असेल, तर तिच्यातला दोष जानेवारीतही होता. तेव्हा गार हवेने तो झाकून ठेवला होता, इतकंच.

हे पटलं की 'गाडी का तापते' याआधी 'गाडी कधी तापते' हे विचारावंसं वाटतं, आणि निदानाचं निम्मं काम तिथेच होतं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की खाली येतो? मग संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यावा. गाडी उभी असताना हवा ओढण्याचं काम एकटा फॅन करतो. वेगात समोरून येणारा वारा ते करतो. याउलट शहरात सगळं ठीक, पण हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगाने अर्धा तास गेल्यावर काटा चढत असेल, तर फॅनला हात लावायची गरज नाही. तिथे रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबलेला असतो, थर्मोस्टॅट पुरता उघडत नसतो किंवा वॉटर पंप पुरेसं पाणी ढकलत नसतो. घाट हा सगळ्यांत कठीण पेपर. वेग कमी म्हणून वारा नाही आणि चढ म्हणून इंजिनावर पुरा भार. लागून सुट्ट्या आल्या की बोरघाटातल्या कोंडीत एरवी निमूट चालणाऱ्या गाड्या वाफ सोडतात, त्याचं कारण हेच. आणि गाडी सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापत असेल, तर कूलंट फार कमी असणं, थर्मोस्टॅट बंदच राहणं किंवा हेड गॅसकेट उडणं या तिघांपैकीच काहीतरी असतं.

मेकॅनिककडे जाण्याआधी ही तपासणी स्वतः करता येते, फक्त सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. आधी कूलंटच्या टाकीत पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघा. मग रेडिएटरला वेगळं झाकण असेल, तर ते उघडा. पाणी काठोकाठ दिसायला हवं. टाकी भरलेली आणि रेडिएटर मात्र दोन बोटं रिकामा, असं दिसलं तर बहुतेकदा झाकणच खराब असतं. ते उलटं करून रबरी वायसर बघा. कडक झालेला, चिरलेला किंवा कडेला पांढरा क्षार धरलेला वायसर दाब धरत नाही. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या बार दाबापर्यंत ते पाणी आत कोंडून ठेवतं आणि त्या दाबाखाली साधं पाणीही 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळतं. झाकण दाब सोडायला लागलं की उकळबिंदू खाली येतो, पाणी टाकीत उडतं, आणि इंजिन गार होताना ते परत ओढून घेणारी झाकणातली छोटी झडपही अडकलेली असेल तर रेडिएटर रोज थोडाथोडा रिता होत जातो. काही शे रुपयांची ही वस्तू सर्वांत शेवटी बदलली जाते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

यानंतर होज पाइप दाबून बघा, विशेषतः क्लिपेजवळ. फुगलेला, पिचपिचीत किंवा दाबल्यावर करकरणारा पाइप बदलून घ्या. मग गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत मिनिटभरात फॅन फिरायला हवा. समोरच्या जाळीला कागद लावला तर तो आत ओढला जाऊन चिकटायला हवा. कागद बाहेर ढकलला गेला, तर मोटर बदलताना तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत. हा दोष वाटतो तितका दुर्मीळ नाही. आता एसी बंद करून गाडी नुसती चालू ठेवा. तापमान साधारण 95 ते 100 अंशांच्या आसपास पोचल्यावर फॅन आपोआप सुरू होऊन थोड्या वेळाने थांबायला हवा. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर चांगली आहे आणि सेन्सर किंवा त्याची वायरिंग बघायला हवी. हे करताना हात फॅनपासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक फिरतो.

रेडिएटर बाहेरून तुंबलेला आहे का, हे समोरून बघून कळत नाही. समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ, किडे, कापूस, वाळका पाला यांचा थर साचतो. तो आतून बाहेरच्या दिशेने, साध्या धारेने धुवायचा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली की जाळीची पाती आडवी होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. हौसेने पुढे लावलेले जादा दिवे आणि जाड जाळ्याही हीच वाट अडवतात.

आता थर्मोस्टॅट. 'आपल्याकडे थंडी कुठे, मग थर्मोस्टॅट हवा कशाला', हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरंच वाटावं. थर्मोस्टॅट ही मेणावर चालणारी झडप. इंजिन गार असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. पाणी साधारण 82 ते 88 अंशांना पोचलं की मेण वितळून फुगतं आणि वाट उघडते. ती काढली की इंजिन बराच वेळ गारच राहतं. कंप्युटरला वाटतं, इंजिन अजून तापायचंच आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज घसरतं, ऑइलमधली ओल उडत नाही, झीज वाढते. याहून वाईट म्हणजे अनेक इंजिनांत याच झडपेच्या मागची चकती गरम पाण्याचा आडमार्ग बंद करत असते. झडप गेली की तो आडमार्ग कायम उघडा राहतो, बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. 'पाणी जोरात फिरल्यामुळे रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही' असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं, तेही चूक आहे. पाणी जितकं जास्त फिरेल तितकी जास्त उष्णता रेडिएटरकडे जाते. दोष त्या उघड्या आडमार्गाचा असतो.

संशय असेल तर झडप काढून पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने लटकवा आणि भांडं गॅसवर ठेवा. पाणी उकळू लागेपर्यंत ती डोळ्यांदेखत उघडायला हवी आणि गार झाल्यावर पुरती मिटायला हवी. नाहीच उघडली, तर त्याच अंशांची नवी बसवा.

कूलंटबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. एक पक्ष म्हणतो, बोअरचं पाणी चालतं. दुसरा म्हणतो, जितकं निखळ कूलंट तितकं गार. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलेंडरभोवतीच्या पोकळीत पुटं धरतात. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो, तोच इथे न दिसता वाढतो. दुसऱ्या पक्षाचंही म्हणणं टिकत नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉलपेक्षा पाणीच सरस. निखळ ग्लायकॉल भरलं तर इंजिन उलट जास्त तापेल. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घेतले की उकळबिंदू वाढतो, गंज थांबतो आणि वॉटर पंपाचं सील टिकतं. बाजारात तयार मिश्रणही मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालू नये. रंगावर विसंबू नका. हिरवा, गुलाबी, निळा हा केवळ रंग आहे, सगळ्या कंपन्यांना बांधील असा नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिला आहे तो बघा. दोन प्रकार मिसळले की गंजरोधक रसायनं निकामी होऊ शकतात, कधी गाळ धरतो. कूलंट बदलल्यावर आत हवेचा बुडबुडा राहिला तरी गाडी तापते, म्हणून हवा नीट काढल्याची खात्री करून घ्या.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय रानात अडकल्यावर घरी पोचण्यापुरता ठीक. नंतर ती हळद बारीक नळ्यांतच बसते. बाटलीतल्या गळतीबंद रसायनांचंही तेच.

एसीमुळे भार वाढतो हे खरं, पण निरोगी गाडी तो सहज पेलते. एसी बंद केल्यावरच काटा खाली येत असेल तर दोष शोधायलाच हवा. सीएनजीला दिला जाणारा दोषही पुष्कळदा चुकीच्या जागी असतो. सिलेंडरमधला वायू दाब सोडताना प्रचंड गार होतो, म्हणून रिड्यूसर उबदार ठेवायला इंजिनाचं गरम कूलंट तिथे फिरवतात. बाहेरून किट बसवताना या जोडण्या नव्याने केलेल्या असतात आणि बारीक गळती बहुधा तिथेच सापडते. काट्यावर तर पूर्ण भरवसा नकोच. बऱ्याच गाड्यांत तो साधारण 80 ते 105 अंशांदरम्यान मध्यावर स्थिर राहावा असाच बसवलेला असतो. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावायचं स्वस्त ओबीडी उपकरण खरा आकडा मोबाइलवर दाखवतं. घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाने ते जरूर घ्यावं. कूलंट पार गळून गेलं तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

रस्त्यात काटा चढू लागला, पण वाफ नाही, तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. हीटरमधून गार हवा आली, तर कूलंट संपलेलं आहे. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' हा विचार सोडा आणि जागेवर इंजिन बंद करा. झाकण निदान अर्धा तास उघडू नका. आतलं पाणी दाबामुळेच उकळायचं थांबलेलं असतं. दाब सुटताच ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं. इंजिनावर गार पाणीही ओतू नका. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तापलेल्या हेडला एकाएकी गार केलं की ते वाकतं किंवा चिरतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका वाकही गॅसकेट उडवायला पुरतो. वरचा होज पाइप हाताला सोसेल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला, की झाकण जाड फडक्याने हळू सोडा आणि बाटलीतलं पिण्याचं पाणी थोडंथोडं घाला.

असा प्रसंग एकदा घडला, की नंतर गाडी सुरळीत चालली तरी आठवडाभर लक्ष ठेवा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, सकाळी गार इंजिन सुरू करताच कडक होणारा होज पाइप, रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे, मे महिन्यातही सायलेन्सरमधून निघणारी गोडसर वासाची पांढरी वाफ, यांपैकी काहीही दिसलं तर हेड गॅसकेटची तपासणी मागा. रेडिएटरच्या तोंडावर निळा द्राव भरलेली नळी धरतात; इंजिनातला जळका वायू पाण्यात शिरत असेल, तर द्राव पिवळा पडतो. त्यासाठी इंजिन खोलावं लागत नाही, म्हणून खोलायला परवानगी देण्याआधी ही चाचणी झाली का ते विचारा.