नमुना आहे का?

मालवाहू गाडी : लेखांक ६

कुपवाडच्या एमआयडीसीत जुन्या ट्रकचा एखादा भाग करून घ्यायला गेलं, की पहिला प्रश्न येतो, "नमुना आहे का?" गाडीचं साल कुणी विचारत नाही, मॉडेलही नंतर. आधी तो मोडका, तेलकट तुकडा टेबलावर ठेवावा लागतो. आजचा लेख या प्रश्नाबद्दल आहे. गाडी किती वर्षं चालेल, हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

जुन्या गाडीचा प्रत्येक भाग दुर्मीळ असतो असं नाही. मागे आपण पाहिलं, की टाटाच्या १६१३ या नावातले पहिले दोन आकडे एकूण वजनाचे, १६ टन, आणि पुढचे दोन ताकदीचे, साधारण १३० अश्वशक्ती. तिच्या इंजिनाच्या नावातही असाच हिशेब आहे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. हे इंजिन ट्रकमध्ये होतं, एसटीच्या टाटा बसमध्येही होतं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आजही सहज मिळतात. क्रँक ग्राइंड केला तरी ०.२५, ०.५० अशा पुढच्या साइजची बेअरिंग दुकानात असतात. अडतं ते सहसा बदलाव्या न लागणाऱ्या, म्हणून कुणी साठवून न ठेवलेल्या भागांपाशी : स्प्रिंगचा ब्रॅकेट, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, गिअरबॉक्सचं झाकण, वॉटर पंपाची बॉडी. यातले बरेचसे बिडाचे. आणि बीड ओतायचं म्हटलं, की या टापूसारखा दुसरा टापू शोधावा लागेल. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढून लोखंडी नांगर ओतले, तेव्हापासून हे काम या टापूच्या हाताला आहे. पुढे कोल्हापूरचं उद्यमनगर आलं, शिरोली आली, मिरज आणि कुपवाडच्या वसाहती आल्या.

पण नमुना फसवतो. मोडलेला भाग झिजलेलाही असतो, आणि ओतणारा माणूस तुम्ही द्याल तेच ओततो.

हे मी नुकसान सोसून शिकलो. आमच्या घरच्या १६१३च्या वॉटर पंपाची बॉडी तडकली. मी जुनी बॉडी तशीच नमुना म्हणून दिली, दुसरं काही सांगितलं नाही. नवी आली, दिसायला सुरेख. महिनाभरात बेअरिंग आपल्या घरातच फिरायला लागलं, पंप हलला, पाणी गेलं, इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट उडालं. ऐन उसाच्या हंगामात गाडी आठ दिवस उभी. दोष ओतकामाचा नव्हता. जुन्या बॉडीतलं बेअरिंगचं घर आधीच मोठं झालेलं होतं, आणि मी तेच माप नव्या बॉडीला दिलं होतं.

म्हणून झिजलेल्या जागेचं माप घेऊ नका, तिथे बसणाऱ्या वस्तूचं घ्या. बेअरिंगवर नंबर असतो. समजा ६३०५ आहे, तर त्याचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर, जगात कुठेही. घर त्यावरून बोअर करायचं. ब्रेक ड्रमचंही तसंच. लायनर जिथे घासत नाही, त्या काठाच्या अरुंद पट्टीवर मूळ व्यास शिल्लक असतो, अर्थात ड्रम आधी लेथवर काढलेला नसेल तर. मधलं माप धराल, तर नवा ड्रम जन्मतःच झिजलेला निघेल.

दुसरी गोष्ट आकसण्याची. वितळलेलं बीड साच्यात थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, मीटरला सुमारे दहा मिलिमीटर. त्यामुळे पॅटर्न तेवढा मोठा करतात, आणि जिथे लेथवर टूल लागणार तिथे आणखी जाडी ठेवतात. एकाच नगाची घाई असली, की कुणी जुना तुकडाच वाळूत दाबून साचा काढतो. ब्रॅकेटसारख्या ढोबळ वस्तूला ते चालून जातं, पण तीनशे मिलिमीटरच्या भागात तीन मिलिमीटर कमी पडतात आणि बोल्टची भोकं समोरासमोर येत नाहीत. लाकडी पॅटर्नचा खर्च एका नगाला परवडत नाही. त्याच मॉडेलचे चार-पाच मालक मिळून दहा नग ओतून घेतात, तेव्हा तो वाटला जातो. मला हीच पद्धत सर्वांत शहाणी वाटते. पॅटर्न मात्र नाव घालून आपल्याकडे ठेवावा, वाळवी लागू देऊ नये.

आता जे ओतून घ्यायचंच नाही, ते. स्टब ॲक्सल, स्टिअरिंग आर्म, पुढचा बीम, क्रँक हे पोलाद दाबून, घडवून केलेले असतात. त्यात धातूचे तंतू भागाच्या आकाराबरोबर वळत जातात आणि ताण सोसतात. बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात. त्यामुळे ते छान कापलं जातं, थरथर पिऊन टाकतं, पण ताणाला वाकत नाही, एकदम मोडतं. स्टब ॲक्सलची तड वेल्डिंगने भरून देणारा मिस्त्री भेटला, तर हात जोडून नको म्हणा. त्या ट्रकसमोर घाटात कुणाची तरी दुचाकी असते. हा भाग नवा मिळाला नाही, तर गाडी उभी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

असे ट्रक कुणाकडे टिकतात? शेतातून कारखान्यापर्यंत तीस-चाळीस किलोमीटर ऊस नेणाऱ्यांकडे. लांबचा पल्ला नाही, हंगामानंतर काम काढायला उन्हाळा मोकळा. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या अवजड गाडीच्या पासिंगची फी १२,५०० रुपये केली गेली, तेव्हा अनेकांनी गाड्या भंगारात घातल्या असतील. ज्यांनी ठेवल्या, त्यांनी भंगाराच्या आवारातही एक फेरी मारावी. तुमच्याच मॉडेलची कापायला आलेली गाडी असेल, तर न झिजलेला नमुना तिच्यावर असतो. कटर लागण्याआधी तो सोडवून घ्यावा.

पुढच्या आठवड्यात : पंप आणि नोझल.