मुलांना खेळायला पाठवू नका, सोबत जा!

छत्रपती संभाजीनगर : मुलाला क्रीडांगणावर सोडायचे आणि आपण कडेच्या बाकावर मोबाइल पाहत बसायचे, हे चित्र शहरात नवे नाही. मुलाचा व्यायाम होतो, पण पालकांचा राहून जातो. सकाळी पालक फिरायला जातात, तेव्हा मुले शाळेच्या तयारीत असतात. दोघांची वेळ एक केली, तर दोघांचीही गरज भागू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक आहे. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास मुलांसोबत खेळल्यास पालकांचा वाटा पूर्ण होतो. मुलांचा त्या दिवसाचा निम्मा होतो; उरलेला शाळेत आणि मित्रांसोबत होऊ शकतो.

मुलांची चाल वेगळी

मोठी माणसे एका गतीने चालतात. मूल धावते, थांबते आणि पुन्हा धावते. त्यामुळे पालकांच्या गतीने तासभर चालायला लावले, तर ते लवकर कंटाळते. पालकांनीच खेळात उतरणे अधिक सोयीचे.

* शिवणापाणी, लगोरी : थांबून थांबून धावणे होते, दमश्वास वाढतो. पाच-सहा जण पुरेसे.
* लंगडी : पायांची ताकद आणि तोल यांसाठी उत्तम. पाय आलटून पालटून वापरावा.
* दोरीवरच्या उड्या : हाडांच्या बळकटीसाठी उपयुक्त. हाडांची बहुतांश जडणघडण वाढत्या वयातच होते, म्हणून मुलांना आठवड्यातून तीन दिवस तरी असा व्यायाम हवा. गुडघे दुखत असलेल्या पालकांनी उड्या न मारता दोरी फिरवावी.

घरातल्या घरात

पावसाळ्यात बाहेर पडता येत नसेल, तर सूर्यनमस्कार आहेतच. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजवले. स्वतः नित्यनेमाने ते घालत आणि कुटुंबीयांनाही घालायला लावत. सुरुवात तीन-चार नमस्कारांपासून करावी. आकडे मुलांनी मोजावेत, म्हणजे त्यांचे लक्ष टिकते. संख्येपेक्षा बाराही स्थिती नीट होण्याकडे लक्ष द्यावे.

रविवारी टेकडीवर

विद्यापीठ परिसरालगतची गोगाबाबा टेकडी शहरवासीयांच्या परिचयाची आहे. चढताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग मध्यम समजावा. सवय झाल्यावर सुटीच्या दिवशी दौलताबादचा देवगिरी किल्ला चढावा. तेथे पायऱ्यांचा व्यायाम होतो आणि खंदक, अंधारी, तोफा पाहताना मुलांना थकवाही जाणवत नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा मात्र विसरू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. या दिवसांत सकाळी आठच्या आत किंवा सूर्यास्तानंतरच बाहेर पडावे. तहान लागण्याची वाट न पाहता मुलांना पाणी द्यावे.

एवढे टाळा

व्यायाम ही शिक्षा वाटता कामा नये. 'वजन वाढलंय, चार फेऱ्या मार' असे बोलल्याने मूल मैदानापासून दूर जाते. भावंडांची तुलना करू नये. हृदयविकार, मधुमेह किंवा दमा असलेल्यांनी, मग ते पालक असोत वा मुले, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रोजचा अर्धा तास सलग मिळत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. शिकवणीला मुलासोबत सायकलने जाणे, जिन्याने चढणे, जेवणापूर्वी अंगणात लंगडीचा एक डाव, एवढ्यानेही सुरुवात होते. पालक रोज घाम गाळताना दिसले, तर मुलांना व्यायामाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.