केनेडी यांची हत्या आणि कटाच्या कथा : मुलांना शंका कशी घ्यायला शिकवावी?



व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरून येणारी एक यादी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. अब्राहम लिंकन १८६० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, जॉन केनेडी १९६० मध्ये. दोघांनाही शुक्रवारी गोळी लागली. दोघांच्या नंतर आलेल्या राष्ट्राध्यक्षांचं आडनाव जॉन्सन. एका जॉन्सनचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा १९०८ चा. आणि शेवटी प्रश्न असतो, "हा निव्वळ योगायोग असू शकतो का?"

मोठ्या वर्गातली मुलं अशा याद्या सामान्यज्ञानाच्या वहीत उतरवून घेतात. मोबाईलवर त्यापुढचे व्हिडिओही पाहतात, "केनेडींना खरं कोणी मारलं?" अशा नावाचे. मग वर्गात प्रश्न येतो. त्या वेळी "असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका" एवढंच म्हणून आपण पुढचा धडा घेतला, तर मुलांना वाटतं की सरांना किंवा बाईंना उत्तर माहीत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

नेमकं काय घडलं?

२२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. टेक्सास राज्यातल्या डलास शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी उघड्या मोटारीतून चालले होते. शेजारी पत्नी जॅकलिन होत्या, पुढच्या आसनावर टेक्सासचे गव्हर्नर जॉन कॉनली होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास डीली प्लाझा या चौकात गोळ्या झाडल्या गेल्या. केनेडी मरण पावले, कॉनली गंभीर जखमी झाले. केनेडींचं वय फक्त ४६ होतं.

चौकालगत शालेय पुस्तकांचं एक गोदाम होतं. त्याच्या सहाव्या मजल्यावर रायफल आणि खिडकीजवळ तीन रिकामी काडतुसं सापडली. ती रायफल टपालाने खोट्या नावावर मागवली होती ली हार्वी ओसवाल्डने. वय २४, पूर्वी अमेरिकेच्या नौसैनिक दलात होता, नंतर काही वर्षं सोव्हिएत रशियात राहून आलेला, आणि त्याच गोदामात कामाला. हत्येनंतर सुमारे पाऊण तासाने एका पोलिसाचाही गोळी घालून खून झाला. थोड्याच वेळात ओसवाल्डला एका चित्रपटगृहात पकडलं.

दोन दिवसांनी, पोलीस मुख्यालयातून हलवताना, जॅक रुबी नावाच्या क्लबमालकाने ओसवाल्डला गोळी घातली. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. म्हणजे ज्याच्यावर खटला चालायचा तोच गेला. साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही, निकालही नाही. ही रिकामी जागाच पुढे साठ वर्षं लोक आपापल्या परीने भरत आले.

शंका येणं चूक नव्हतं

हे मुलांना आधी सांगावं. त्या परिस्थितीत शंका येणं अगदी स्वाभाविक होतं. नवे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सप्टेंबर १९६४ मध्ये ८८८ पानांचा अहवाल आला. निष्कर्ष असा की ओसवाल्डने एकट्याने हे कृत्य केलं, त्यात कटाचा पुरावा मिळाला नाही. तरी लोकांचं समाधान झालं नाही. गॅलप संस्थेच्या २०२३ च्या पाहणीतही ६५ टक्के अमेरिकन लोकांनी हत्येमागे एकापेक्षा जास्त माणसं असावीत असंच मत दिलं.

मग कट कोणी केला? इथे गंमत बघा. कोणी म्हणतं सीआयए, कोणी माफिया, कोणी क्युबाचे कॅस्ट्रो, कोणी कॅस्ट्रोंचे विरोधक, कोणी रशिया, तर कोणी खुद्द जॉन्सन. ही सगळी उत्तरं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. "अधिकृत माहिती खोटी आहे" यावर सगळे एक, पण खरं काय यावर दोघांचं जमत नाही.

प्रसिद्ध शंका, तपासून पाहिल्यावर

१) जादूची गोळी : एकाच गोळीने केनेडी आणि कॉनली दोघांना जखमा केल्या असं आयोगाने म्हटलं. त्यावर टीकाकारांनी आकृती काढली. दोघं एकामागे एक, एकाच उंचीवर, सरळ समोर तोंड करून बसलेले. त्या आकृतीत गोळीला हवेत वळणं घ्यावी लागतात! पण प्रत्यक्ष मोटारीत कॉनलींचं आसन केनेडींच्या आसनापेक्षा थोडं खाली आणि थोडं आतल्या बाजूला होतं, आणि ते उजवीकडे वळलेले होते. आसनं खऱ्या जागी ठेवली की रेषा सरळ जाते. म्हणजे चूक आकृतीत होती.

२) छत्रीवाला माणूस : लख्ख ऊन असताना एक माणूस काळी छत्री उघडून रस्त्याकडेला उभा दिसतो. ती खूण होती, छत्रीतून विषारी बाण सुटला, असं लिहिलं गेलं. १९७८ मध्ये तो माणूस स्वतः संसदीय समितीपुढे आला. केनेडींच्या वडिलांनी ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हिटलरशी नमतं घेण्याच्या धोरणाला पाठिंबा दिला होता. चेंबरलेनची ओळख म्हणजे छत्री. त्या जुन्या गोष्टीचा निषेध म्हणून आपण छत्री उघडली, असं त्याने सांगितलं. कारण विचित्र आहे, पण माणसं अशी विचित्र वागतातच.

३) चौथ्या गोळीचा आवाज : ही शंका साधी नव्हती. १९७९ मध्ये त्याच समितीने "बहुधा कट असावा" असा निष्कर्ष काढला. आधार होता पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरचं ध्वनिमुद्रण. त्यात चार गोळ्यांचे आवाज आहेत असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या गटाने तेच ध्वनिमुद्रण पुन्हा तपासलं. त्या आवाजांबरोबरच हत्येनंतर दिलेल्या एका सूचनेचे शब्दही पुसट ऐकू येत होते. म्हणजे ते आवाज गोळीबारानंतर साधारण एका मिनिटाचे होते.

४) रुबीला कोणी पाठवलं? : ओसवाल्डला त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हलवायचं ठरलं होतं, पण उशीर झाला. ११ वाजून १७ मिनिटांनी रुबी जवळच्या तार कार्यालयात २५ डॉलर पाठवत होता, पावतीवर ती वेळ आहे. ११ वाजून २१ मिनिटांनी त्याने गोळी झाडली. एवढ्या मोठ्या कामगिरीवर निघालेला माणूस ठरलेली वेळ उलटून गेल्यावर पैसे पाठवायला थांबेल का, हा प्रश्न मुलांनाच विचारावा.

मग सरकारने काहीच लपवलं नाही का?

लपवलं होतं! आणि हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगायला हवं. सीआयएने कॅस्ट्रोंना मारण्याचे बेत आखले होते. हे वॉरन आयोगाला सांगितलं गेलं नाही. ते १९७५ मध्ये उघड झालं. ओसवाल्डने हत्येच्या काही दिवस आधी एफबीआयच्या डलास कार्यालयात एक चिठ्ठी दिली होती. तो मेल्यावर ती नष्ट करण्यात आली. तेही १९७५ मध्येच कळलं.

यातून काय सिद्ध होतं? आपला गलथानपणा आणि आपले भलते उद्योग झाकण्यासाठी या संस्थांनी माहिती दडवली. पण त्यांनी केनेडींना मारलं हे यातून सिद्ध होत नाही. "काहीतरी लपवलं" आणि "खून लपवला" या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. कटाच्या कथा हे अंतर एका उडीत पार करतात. अर्थात त्या उडीला बळ कोणी दिलं? माहिती दडवणाऱ्यांनीच. वेळेवर खरं न सांगितल्याची किंमत विश्वासाने मोजावी लागते. हे सरकारला लागू आहे, तसं शाळेला आणि घरालाही लागू आहे.

खरा कट कसा दिसतो?

कट कधी होतच नाहीत असं नाही. लिंकन यांची हत्या हा खराखुरा कट होता. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री जॉन विल्क्स बूथने त्यांना नाट्यगृहात गोळी घातली. त्याच रात्री त्याच्या एका साथीदाराने परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांच्या घरात घुसून त्यांच्यावर चाकूने हल्ला केला. उपाध्यक्षांवर हल्ला करण्याचं काम दिलेल्या तिसऱ्याचा धीर सुटला. आठ जणांवर लष्करी आयोगापुढे खटला चालला, चौघांना फाशी झाली. हे सगळं तीन महिन्यांच्या आत घडलं.

इथे नावं आहेत, वाटून दिलेली कामं आहेत, घाबरून माघार घेणारा गडी आहे. खरा कट माणसांचा असतो, त्यामुळे तो फसतो आणि फुटतो. केनेडींच्या बाबतीत लाखो पानं खुली झाली, २०२५ मध्येही आणखी कागद बाहेर आले. तरी ओसवाल्डशिवाय दुसरा कोणी गोळी झाडणारा पुराव्यानिशी पुढे आलेला नाही. उलट न्यू ऑर्लिन्समधल्या क्ले शॉ या व्यावसायिकावर कटाचा आरोप ठेवून १९६९ मध्ये खटला चालवला गेला. ज्यूरीने तासाभराच्या आत त्याला निर्दोष सोडलं. पण त्याआधीची दोन वर्षं तो देशभर "केनेडींचा मारेकरी" म्हणून बदनाम झाला होता. कथा रंगवणाऱ्याचं काही जात नाही, ज्याचं नाव तीत येतं त्याचं आयुष्य जातं.

आपलं मन असं का वागतं?

मोठ्या घटनेचं कारणही मोठंच असलं पाहिजे असं आपल्याला वाटतं. जगातला सर्वांत बलाढ्य नेता, आणि त्याला मारणारा नोकऱ्या बदलत फिरणारा एक असमाधानी तरुण? तराजू समतोल वाटत नाही. मग आपण दुसऱ्या पारड्यात सीआयए टाकतो, माफिया टाकतो. शिवाय ओसवाल्डला गोदामात नोकरी लागली ऑक्टोबरमध्ये, आणि मिरवणुकीचा मार्ग ठरला नोव्हेंबरमध्ये. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! पण हे मान्य करायला मन तयार होत नाही.

वर्गात काय करता येईल? (सहावी-सातवीसाठी)

• लिंकन-केनेडी यादीतली वाक्यं फळ्यावर लिहा. प्रत्येकापुढे "खरं", "खोटं" किंवा "खरं, पण अर्थ काही नाही" असं लिहायला सांगा. दोन्ही जॉन्सनांची जन्मसालं बरोबर आहेत. पण यादीत बूथचा जन्म १८३९ चा सांगतात, तो खरं तर १८३८ चा. लिंकनच्या सचिवाचं आडनाव केनेडी होतं याला पुरावा नाही.

• वर्गातली कोणतीही दोन मुलं निवडा आणि त्यांच्यातली दहा साम्यं शोधायला सांगा. नावातली अक्षरं, जन्मवार, भावंडं, चपलेचा नंबर. दहा मिनिटांत दहा साम्यं सापडतात. शोधायलाच बसलं की योगायोग मिळतो, हे मुलांना आपोआप कळतं.

• दोन स्टुलं एकामागे एक ठेवा, वर खिडकीला दोरी बांधा. स्टुलांची उंची आणि जागा बदलून दोरी केव्हा वाकते, केव्हा सरळ राहते ते पाहू द्या. (हत्येची चित्रफीत मात्र मुलांना दाखवू नये.)

• शेवटचा प्रश्न प्रत्येकाला वहीत लिहायला द्या : "कोणता पुरावा मिळाला तर मी माझं मत बदलेन?"

पालकांनीही हा प्रश्न घरी विचारून पाहावा, आणि स्वतःलाही. ज्याच्याकडे याचं उत्तर आहे त्याची ती शंका, मग ती सरकारवर असो वा शिक्षकांवर. अशी शंका मुलांनी जरूर घ्यावी. "काहीही दाखवलं तरी मी मानणार नाही" असं उत्तर आलं, तर ती शंका उरलेली नाही, ती समजूत झाली आहे. तिच्यावर रागावू नका. मुलाजवळ बसा आणि एकेक वाक्य त्याच्यासोबत तपासायला घ्या.